एकाच घरात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही

नवऱ्याचं रक्त पॉझिटिव्ह निघतं. समुपदेशक बायकोलाही बोलावून घेतात. तिची तपासणी निगेटिव्ह येते. तीन महिन्यांनी पुन्हा करतात, पुन्हा निगेटिव्ह. लग्नाला आठ-दहा वर्षं झालेली, दोन लेकरं पदरात. मग ती बाई विचारते, “त्याईले हाय, मंग मले काहून नाही?” वाशिम असो, रिसोड असो की मानोरा, एचआयव्हीच्या समुपदेशनाचं काम करणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. गावाकडे त्याची उत्तरंही तयार असतात. कुणी म्हणतं तिचं रक्तच जोरदार आहे, कुणी म्हणतं देवाची कृपा, कुणी म्हणतं रिपोर्टच चुकला असेल. शेजारच्या घरात मात्र लग्नाला सहा महिने होत नाहीत तोच सून पॉझिटिव्ह निघते आणि दोष तिच्याच पायगुणाला लागतो.

या प्रश्नाला विज्ञानाकडे तीन उत्तरं आहेत. पहिलं योगायोगाचं, दुसरं नवऱ्याच्या रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाचं आणि तिसरं जनुकांचं. तिसरं उत्तर सगळ्यात रंजक आहे, म्हणून वर्तमानपत्रांत तेच झळकतं. पण घराघरांतली बहुतेक उदाहरणं पहिल्या दोन उत्तरांनीच सुटतात. तेव्हा सुरुवात तिथूनच करायला हवी.

एचआयव्हीचा संसर्ग प्रत्येक संबंधात होतोच असं नाही. नवऱ्याला एचआयव्ही आहे, उपचार चालू नाहीत, निरोधही वापरलेला नाही, तरीही एका संबंधातून बायकोला लागण होण्याची शक्यता सरासरीने दहा हजारांत आठच्या आसपास असते. आकडा छोटा वाटतो. आता हिशेब करू. वर्षाला शंभर संबंध धरले तर अशा शंभर बायकांपैकी सात-आठ जणींना वर्षभरात लागण होईल, ९२ जणी निगेटिव्ह राहतील. पाच वर्षं हेच चाललं तरी शंभरातल्या साधारण ६७ जणी निगेटिव्हच असतील. त्यांच्या रक्तात काही खास नसताना! सरासरीचा हा हिशेब प्रत्येक घराला सारखा लागू होत नाही. नवऱ्याला गुप्तरोगाची जखम असेल तर धोका कितीतरी वाढतो. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणूंचा पूर आलेला असतो, तेव्हाही तो वाढतो. नव्या सुनेला सहा महिन्यांत लागण होते त्यामागे असं कारण असू शकतं. युगांडातल्या राकाई जिल्ह्यात ४१५ जोडप्यांचा अभ्यास झाला आणि २००० साली त्याचे निष्कर्ष आले. पॉझिटिव्ह जोडीदाराच्या एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या १५०० पेक्षा कमी प्रती होत्या, अशा एकाही जोडप्यात लागण झालेली आढळली नाही.

आईकडून बाळाला होणाऱ्या संसर्गाचंही असंच आहे. कोणतेही उपचार नसले तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळं काहीही न करता सुटतात. त्या बाळांच्या अंगी कुठलं दैवी रक्त नसतं.

हे आधी सांगायला हवं, कारण “मला काही होत नाही” हा समज घातक आहे. पाच वर्षं निगेटिव्ह राहिलेल्या बाईला सहाव्या वर्षी लागण होऊ शकते. आणि ज्या बाईला लागण झाली तिने काही वावगं केलं असा अर्थ काढणं तर सरळसरळ अन्याय आहे. याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळालेला आहे. पुण्यात भोसरीला त्या काळी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था होती, ‘नारी’ या नावाने ती ओळखली जायची. १९९२ साली ती सुरू झाली. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रिया तपासल्या. त्यांतल्या ३९१ जणी वेश्याव्यवसायात नव्हत्या. बहुतेक साध्या संसारी बायका होत्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाल्या. मुख्य धोका त्यांच्या स्वतःच्या वागण्यात नव्हता, नवऱ्याच्या गुप्तरोगात होता. हा शोधनिबंध १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. लग्न हीच त्या बायकांची ‘जोखीम’ होती, हे त्यातल्या आकड्यांनी स्पष्ट मांडलं.

आता जनुकांकडे वळू. एखाद्या रोगापासून जन्मजात संरक्षण मिळतं, ही कल्पना विदर्भातल्या माणसाला परकी नाही. सिकलसेलच्या तपासणीची शिबिरं इतर अनेक जिल्ह्यांप्रमाणे वाशिममध्येही होतात. सिकलसेलच्या जनुकाच्या दोन्ही प्रती मिळाल्या तर आयुष्यभराचं दुखणं मागे लागतं. एकच प्रत मिळाली तर माणूस वाहक असतो, त्याला फारसा त्रास होत नाही, उलट जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. रक्ताचे असे आजार आणि मलेरिया यांचं नातं असावं असा अंदाज जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये बांधला. सिकलसेलच्या बाबतीत अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत तो सिद्ध केला. मलेरियाने हजारो वर्षं माणसं मारली, वाहक त्यातून जास्त संख्येने वाचले, म्हणून ते जनुक टिकून राहिलं आणि पसरलं.

एचआयव्हीच्या बाबतीत असं घडायला वेळच मिळालेला नाही. हा विषाणू मध्य आफ्रिकेत चिंपांझीकडून माणसात आला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास. भारतात तो पहिल्यांदा सापडला १९८६ साली. चेन्नईत सुनीती सॉलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांच्या अभ्यासातल्या नमुन्यांत. म्हणजे आपल्याकडे त्याला चाळीसच वर्षं झाली. दोन पिढ्यांत कुठलंही जनुक निवडलं जाऊन समाजभर पसरत नाही. तेव्हा माणसात एचआयव्हीला रोखणारं जे काही जनुकीय संरक्षण आढळतं, ते एचआयव्हीसाठी तयार झालेलंच नाही. कुठल्या तरी दुसऱ्या कारणाने ते आधीच रक्तात होतं आणि योगायोगाने इथे उपयोगी पडलं. हे ध्यानात घेतलं की पुढचं सगळं कोडं बरंच सोपं होतं.

या संरक्षणाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. स्टीफन क्रोन नावाचा चित्रकार १९८० च्या दशकात आपले मित्र एकामागून एक एड्सने जाताना पाहत होता. त्याचा जोडीदार १९८२ मध्ये गेला. क्रोनला मात्र लागण झाली नव्हती आणि याचं कारण काय, हे त्याने डॉक्टरांना स्वतःहून विचारलं. अ‍ॅरन डायमंड संशोधन केंद्रात बिल पॅक्स्टन यांनी त्याच्या रक्तातल्या सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढून त्यांच्यावर प्रयोगशाळेत विषाणू सोडला. लागण होईना. मात्रा कितीतरी पटींनी वाढवली, तरी होईना. १९९६ मध्ये त्याचं कारण सापडलं आणि जवळपास एकाच वेळी तीन वेगवेगळ्या गटांनी ते जाहीर केलं.

एचआयव्हीला पांढऱ्या पेशीत शिरायचं तर पेशीच्या पृष्ठभागावरची दोन प्रथिनं पकडावी लागतात. पहिलं सीडी४, दुसरं बहुतेक वेळा सीसीआर५. वाशिम किंवा कारंजाच्या बाजार समितीत सोयाबीनचं पोतं उचलताना दोन्ही बाजूंनी हुक रुतावे लागतात. एकाच हुकाने पोतं फिरतं, उचललं जात नाही. विषाणूचंही तसंच आहे. नुसतं सीडी४ धरून तो पेशीला चिकटतो, पण आत शिरत नाही. क्रोनच्या सीसीआर५ जनुकाच्या दोन्ही प्रतींत ३२ अक्षरं गळालेली होती. त्यामुळे त्याचं सीसीआर५ प्रथिन अर्धवट तयार होई आणि पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नसे. विषाणूला दुसरीकडून धरायला काहीच उरलं नव्हतं. या बदलाला ‘डेल्टा ३२’ म्हणतात. उत्तर युरोपीय वंशाच्या शंभर माणसांत साधारण एखाद्याला या बदलाच्या दोन्ही प्रती असतात. ज्यांना एकच प्रत असते त्यांची संख्या बरीच जास्त. त्यांना लागण होते, पण आजार जरा सावकाश वाढतो.

हा बदल आला कुठून? सुरुवातीला तो सातशे वर्षं जुना असावा आणि प्लेगने किंवा देवीने निवडला असावा, असं वाटत होतं. पुढे प्राचीन हाडांमधल्या डीएनएवरून त्याचं वय कितीतरी मागे गेलं. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार तो सुमारे ६,७०० ते ९,००० वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या आसपासच्या एका माणसात उगम पावला. म्हणजे एचआयव्ही जन्माला येण्याआधी हजारो वर्षं. त्याची किंमतही आहे. अमेरिकेत वेस्ट नाइल विषाणूची साथ आली तेव्हा सीसीआर५ नसलेल्यांना त्या आजाराचा त्रास जास्त झाला. सीसीआर५ हे काही विषाणूसाठी ठेवलेलं प्रथिन नव्हे. सूज आलेल्या जागी पांढऱ्या पेशींना बोलावून नेणं हे त्याचं स्वतःचं काम असतं.

आता आपल्याकडचं चित्र. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले पार्थ मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्याने देशभरातल्या अनेक समाजगटांचे नमुने तपासून २००१ मध्ये जे जाहीर केलं ते अगदी स्वच्छ होतं: भारतातल्या बहुतेक समाजगटांत डेल्टा ३२ आढळतच नाही. उत्तरेकडे तुरळक सापडतो, तोही एका प्रतीत. म्हणजे वाशिमच्या त्या बाईच्या रक्तात क्रोनसारखं संरक्षण असण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. दूरचित्रवाणीवर ‘एचआयव्ही न होणारी माणसं’ म्हणून जे सांगितलं जातं, ते आपल्या लोकांबद्दल नसतं.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. भारतात आढळणारा एचआयव्ही मुख्यतः ‘सी’ उपप्रकाराचा आहे, आणि हा उपप्रकार पेशीत शिरायला प्रामुख्याने सीसीआर५ च वापरतो. पाश्चात्त्य देशांतला ‘बी’ उपप्रकार आजार वाढल्यावर बऱ्याचदा सीएक्ससीआर४ नावाच्या वेगळ्या प्रथिनाकडे वळतो. ‘सी’ मध्ये तसं कमी घडतं. ज्या दारातून आपल्याकडचा विषाणू शिरतो, नेमकं तेच दार बंद करणारं जनुक आपल्या वाट्याला आलेलं नाही.

डेल्टा ३२ मुळे माणसं बरीही झाली. टिमोथी रे ब्राउन हा अमेरिकन तरुण बर्लिनमध्ये राहायचा. त्याला एचआयव्ही होता आणि वर रक्ताचा कर्करोगही झाला. गेरो ह्यूटर या डॉक्टरांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी जुळणाऱ्या दात्यांपैकी डेल्टा ३२ च्या दोन्ही प्रती असलेला दाता शोधायचं ठरवलं. एकामागून एक नमुने तपासले, एकसष्टावा दाता तसा निघाला. २००७ मध्ये पहिलं आणि २००८ मध्ये दुसरं प्रत्यारोपण झालं. ब्राउनच्या रक्तातून विषाणू गेला आणि तो २०२० मध्ये कर्करोगानेच वारला, एचआयव्हीने नव्हे. त्यानंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ आणि इतर ठिकाणी मोजक्या रुग्णांना असाच गुण आला. पण प्रत्यारोपणात जीव जाण्याचा धोका मोठा असतो. कर्करोग झालेलाच असेल तरच तो पत्करायचा. चीनमध्ये ‘हे च्यानक्वेई’ या संशोधकाने २०१८ मध्ये जुळ्या मुलींच्या भ्रूणांतलं सीसीआर५ जनुक कापल्याचं जाहीर केलं. त्याला तुरुंगवास झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या मुलींचे वडील पॉझिटिव्ह होते. साध्या, सिद्ध उपायांनी मुली एचआयव्हीपासून सुरक्षित राहिल्या असत्या. ज्या गोष्टीला उपचार आहे तिच्यासाठी न जन्मलेल्या मुलांवर प्रयोग करणं अक्षम्य आहे. डेल्टा ३२ चा खरा उपयोग औषधांमध्ये झाला. मॅराव्हिरॉक नावाचं औषध सीसीआर५ ला चिकटून विषाणूची पकड सोडवतं. ते २००७ पासून वापरात आहे.

डेल्टा ३२ च्या दोन्ही प्रती असल्या तर लागण जवळजवळ होतच नाही. दुसरी जनुकं लागण झाल्यावर काम करतात, आणि इथे भारतीय माणसाला सांगण्यासारखं बरंच आहे. काही रुग्ण असे आढळतात की गोळ्या न घेताही त्यांचा विषाणू वर्षानुवर्षं दबलेला राहतो. अशी माणसं एक टक्क्याहूनही कमी असतात. त्यांच्यात एचएलए नावाच्या जनुकांचे काही ठरावीक प्रकार वारंवार सापडतात. एचएलए प्रथिनं पेशीच्या आत काय चाललंय त्याचे तुकडे बाहेर पृष्ठभागावर दाखवतात. आत विषाणू असेल तर त्याचा तुकडा बाहेर दिसतो आणि मारक पेशी त्या पेशीला नष्ट करतात. विषाणू हुशार आहे. तो आपले तुकडे बदलतो, म्हणजे ओळख पटत नाही. पण ‘बी ५७’ हा एचएलए प्रकार विषाणूच्या गाभ्यातल्या प्रथिनाचा असा तुकडा दाखवतो की तो बदलायला गेलं तर विषाणू स्वतःच दुबळा होतो. अमेरिकेत २००० साली झालेल्या एका अभ्यासात गोळ्यांविना विषाणू दाबून ठेवणाऱ्या १३ रुग्णांपैकी ११ जणांत बी ५७ चा एक विशिष्ट प्रकार सापडला होता. ज्यांचा आजार वाढत गेला त्या २०० जणांत तो १९ जणांतच होता. बी २७ चाही असाच चांगला परिणाम दिसतो. उलट बी ३५ चे काही प्रकार असले तर आजार लवकर वाढतो.

आणखी एक मुद्दा आपल्या समाजाशी थेट जोडलेला आहे. आईकडून एक आणि बापाकडून वेगळा एचएलए प्रकार मिळाला तर जास्त प्रकारचे तुकडे दाखवता येतात. मेरी कॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की दोन्ही बाजूंनी सारखेच प्रकार मिळालेल्या रुग्णांचा आजार लवकर बळावतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं, आणि जातीबाहेरची लग्नं थोडी. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखं मिळण्याची शक्यता काही घरांत वाढते. भारतीयांचे एचएलए प्रकार युरोपपेक्षा वेगळ्या प्रमाणात आहेत, जातीजमातीगणिक फरक आहे. म्हणून परदेशी याद्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या संस्थेत यू. शंकरकुमार यांच्या गटाने मुंबईच्या रुग्णांचे एचएलए प्रकार तपासले ते याचसाठी.

बी ५७ बद्दल एक गोष्ट घरातल्या माणसाला माहीत असलीच पाहिजे. बी ५७ चा जो प्रकार विषाणूला दाबून ठेवतो, तोच प्रकार असलेल्या माणसाला अबाकाव्हिर या औषधाची गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते. दक्षिण आशियात हा प्रकार तुलनेने जास्त आढळतो, आणि अबाकाव्हिर लहान मुलांच्या एचआयव्ही उपचारात वापरलं जातं. पहिल्या सहा आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या, थकवा, खोकला यातली लक्षणं एकत्र दिसू लागली आणि दिवसेंदिवस वाढत गेली तर मुलाला त्याच दिवशी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, न्यायचं. आपल्या मनाने गोळी थांबवून बरं वाटल्यावर पुन्हा सुरू करायची नाही. हे सर्वात धोक्याचं आहे. एकदा अशी अ‍ॅलर्जी होऊन गेलेल्याने पुन्हा अबाकाव्हिर घेतलं तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. केंद्राने ‘हे औषध चालणार नाही’ असं सांगितलं असेल तर त्याचं नाव मुलाच्या कार्डावर ठळक लिहून घ्यायचं आणि पुढे कुठल्याही डॉक्टरला दाखवताना ते कार्ड सोबत ठेवायचं.

जनुकांच्या या कहाणीत वाशिमशी जोडलेला एक अनपेक्षित धागा कोविडमधून निघतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी एकदम कोविड पॉझिटिव्ह निघाले होते. साऱ्या राज्याचं लक्ष तिकडे गेलं होतं. त्या सुमारास शास्त्रज्ञ शोधत होते की काही माणसांनाच कोविड इतका गंभीर का होतो. क्रमांक तीनच्या गुणसूत्रावर एक तुकडा सापडला. तो सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी निअँडरथल मानवाकडून आपल्या पूर्वजांत आला होता, आणि तो असलेल्यांना युरोपात कोविड जास्त गंभीर होत होता. दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत या तुकड्याची किमान एक प्रत आहे. युरोपात मात्र सुमारे १६ टक्के लोकांतच. सीसीआर५ चं जनुक याच गुणसूत्रावर, याच भागाच्या शेजारी बसलेलं आहे. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले ह्यूगो झेबर्ग यांनी २०२२ मध्ये दाखवलं की हा तुकडा असलेल्यांच्या पेशींवर सीसीआर५ कमी असतं आणि त्यांना एचआयव्हीची लागण होण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी आढळतं.

याचा अर्थ आपल्याकडच्या निम्म्या लोकांना थोडंफार संरक्षण आहे, असा लगेच काढता येत नाही. झेबर्ग यांची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या माणसांची होती. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज यांच्या सहभागाने झालेल्या भारतीय अभ्यासात तर कोविडच्या गंभीरपणाशी या तुकड्याचं युरोपातलं नातं आपल्या लोकांत तसं दिसलं नाही. एकच डीएनएचा तुकडा वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळ्या शेजाऱ्यांबरोबर येतो आणि त्याचा परिणाम बदलतो. आणि २७ टक्के म्हणजे तरी काय? शंभर लागणी व्हायच्या तिथे ७३ होतील, इतकंच. निरोध आणि गोळ्या यांच्यापुढे हे काहीच नाही. तरीही मला हा शोध महत्त्वाचा वाटतो, कारण वाशिमच्या शेतकऱ्याच्या आणि निअँडरथलच्या रक्तातला हा धागा एका नव्या विषाणूच्या संदर्भात अचानक कामाला लागताना दिसतो.

इतर जनुकं मी थोडक्यात उरकतो. सीसीआर२ मधला एक बदल भारतात बऱ्यापैकी आढळतो. तो लागण थांबवत नाही, फक्त आजार काही वर्षं पुढे ढकलतो. ट्रिम ५ अल्फा हे प्रथिन ऱ्हीसस माकडांत एचआयव्हीला पार अडवतं, माणसातलं मात्र त्याच कामात कमकुवत आहे. नैरोबीच्या पुमवानी भागात वर्षानुवर्षं संपर्क येऊनही निगेटिव्ह राहिलेल्या काही वेश्या फ्रँक प्लमर यांच्या गटाला आढळल्या होत्या. जगभर त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं. पण त्यांतल्या काहींनी काही काळ धंदा थांबवला आणि परत आल्यावर त्यांना लागण झाली. त्यांचं संरक्षण केवळ जन्मजात नव्हतं. सततच्या संपर्काने जागं राहिलेलं होतं आणि संपर्क थांबताच ते ओसरलं.

सुरुवातीच्या त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी जनुकांत नव्हे, गोळीत सापडतं, आणि ते सापडण्यात पुण्याचाही वाटा आहे. एचपीटीएन ०५२ या नावाचा अभ्यास नऊ देशांत झाला. एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी १,७६३ जोडपी त्यात सहभागी झाली. भारतातली केंद्रं चेन्नई आणि पुणे ही होती. पुण्यात हे काम ‘नारी’ने केलं. अर्ध्या जोडप्यांत पॉझिटिव्ह जोडीदाराला लगेच गोळ्या सुरू केल्या, अर्ध्यांत त्या काळच्या नियमाप्रमाणे सीडी४ पेशींची संख्या कमी झाल्यावर. २०११ मध्ये अभ्यास संपण्याआधीच निकाल जाहीर केला, कारण फरक इतका मोठा होता की दुसऱ्या गटाला गोळ्यांविना ठेवणं योग्य राहिलं नव्हतं. जोडीदाराकडूनच झालेल्या २८ लागणींपैकी लगेच गोळ्या घेतलेल्या गटातली फक्त एक होती. लागणीचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं होतं. पुढच्या अभ्यासांत विषाणू पूर्ण दबलेला असताना जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही.

डेल्टा ३२ च्या दोन प्रतींनी जे साधतं ते एका गोळीने साधतं, आणि ती गोळी वाशिमच्या एआरटी केंद्रात फुकट मिळते. भारतात मोफत एआरटी २००४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, लागण कळताच उपचार सुरू करायचं धोरण आहे. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकच एकत्र गोळी रोज घ्यावी लागते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, त्यातले जवळपास चार लाख महाराष्ट्रात. त्यांच्यासाठी मोलाची आहे ती रोज न चुकता घेतलेली गोळी आणि वर्षातून किमान एकदा होणारी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाची, तपासणी. बाई निगेटिव्ह आहे आणि नवऱ्याचा व्हायरल लोड दबलेला आहे, तर त्यांना मूलही होऊ शकतं आणि तिला लागणही होत नाही. समुपदेशक तिला हेच सांगतात, आणि ते तिला खरंच समजलं पाहिजे.

याचा संशोधनावरही परिणाम झाला आहे. पूर्वी गोळ्या न घेणाऱ्या रुग्णांचा विषाणू वर्षानुवर्षं पाहून ‘कोण आपोआप टिकतं’ हे कळत असे. आता सगळ्यांना लगेच उपचार सुरू होतात, त्यामुळे असे रुग्ण निसर्गतः दिसणं जवळपास थांबलं आहे, आणि ते थांबलंय ते योग्यच आहे. यापुढे ही जनुकं जुन्या जपून ठेवलेल्या नमुन्यांतून आणि निरोगी माणसांच्या जनुकांच्या संग्रहांतून शोधावी लागतील. देशातल्या वेगवेगळ्या समाजगटांतल्या १० हजार माणसांच्या संपूर्ण जनुकरचनेची माहिती ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातून संशोधकांसाठी जानेवारी २०२५ मध्ये खुली झाली. सीसीआर५ चे आणि एचएलएचे कुठले प्रकार कुठल्या समाजात किती आहेत, मुलांना अबाकाव्हिर देण्याआधी आपल्याकडेही बी ५७ ची तपासणी सरसकट करावी का, याची उत्तरं आता भारतीय आकड्यांवरून देता येतील. जिल्ह्याच्या एआरटी केंद्रांतल्या मुलांच्या नोंदी त्या आकड्यांशी जोडल्या, तर निदान अबाकाव्हिरच्या बाबतीत तरी निर्णय घेण्याइतकं बळ हाती येईल.